नायक मुंबईहूनच का येतो?

ग्रंथपालबाई

नमस्कार मंडळी. मी दापोली तालुक्यात, बंदराला लागून असलेल्या एका गावात सार्वजनिक वाचनालय सांभाळते. 'ड' वर्ग. म्हणजे एक खोली, चार कपाटं, एक लांब बाक आणि अनुदान कधी जमा होतंय याची वाट. संध्याकाळी शाळा सुटली की हायस्कूलची मुलं येतात, आठवी ते दहावीची, थोडी अकरावीतलीही. कोळीवाड्यातली, मोहल्ल्यातली, कुणबीवाडीतली, बौद्धवाडीतली, दोनतीन ब्राह्मणआळीतली. त्या एका बाकावर दाटीवाटीने बसतात आणि पंख्याखालच्या जागेसाठी भांडतात. मुद्दाम सांगतेय, कारण माझ्या कपाटातल्या पुस्तकांत ही मुलं अशी एका बाकावर कुठेच भेटत नाहीत.

दिवाळीला आम्ही मुलांचं हस्तलिखित काढतो. यंदा विषय दिला साहसकथा. गठ्ठा घरी नेला आणि रात्री वाचायला बसले. बहुतेक कथांत नायकाचं नाव आर्यन, रोहन नाहीतर ईशान. राहणार दादर, पार्ले किंवा कोथरूड. मे महिन्याच्या सुट्टीत तो आजोळी येतो. आजी फणसाची साठं घालत असते. मग त्याला किल्ल्यावर रात्री दिवा दिसतो. सोबतीला गावातला कुणी बाळ्या असतो. हा बाळ्या माडावर सरसर चढतो, भुताला घाबरतो, मुंबईच्या पोराला 'तू लय हुशार' म्हणतो, आणि चोर पकडले गेले की टाळ्या वाजवतो. जून उजाडला की नायक गाडीत बसून परत जातो. बाळ्याचं पुढे काय होतं ते कथेत नाही.

ह्या कथा बाळ्यांनीच लिहिल्यात हो!

त्यातली एक मुलगी, तिला इथे 'स' म्हणते. कोळीवाड्यातली, वडिलांची स्वतःची नाव. सुट्टीच्या दिवशी ती आईबरोबर हर्णैच्या लिलावाला जाते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: होड्या आत पाण्यातच उभ्या राहतात, बैलगाड्या लाटांत शिरून मासळी किनाऱ्याला आणतात, आणि वाळूवर टोपल्यांभोवती रिंगण धरून बोली सुरू होते. ही पोर कोलंबीच्या टोपलीत हात घालते, खालची चार वर काढून बघते, आणि मग आईच्या कोपराला नुसता धक्का देते. घे, किंवा सोड. एवढं ज्या मुलीला कळतं तिच्या कथेत कोळीण येते एका ओळीत, 'ताजे बांगडे घ्या' असं ओरडते आणि फाटकाबाहेर निघून जाते. कथा सगळी फाटकाच्या आत.

तिला विचारलं, असं का गं? म्हणाली, "बाई, गोष्टीत अशीच माणसं असतात ना."

दुसऱ्या दिवशी कपाटं नव्याने बघितली. मराठीत सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं बालपण आमच्याच तालुक्यातलं आहे. साने गुरुजी पालगडचे, जन्म 1899 चा, आणि 'श्यामची आई' त्यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. म्हणजे कोकणातलं पोर नायक होऊ शकत नाही असं मुळीच नाही. मोठ्यांच्या कादंबऱ्यांतही कोकण भरपूर आहे. पेंडसे, दळवी, खानोलकर, कर्णिक, कुणाकुणाचं नाव घेऊ. पण बारा ते सोळा वर्षांच्या पोरांसाठी जे आहे, माझ्याकडे तरी, त्यात कोकण म्हणजे मे महिना. इथे पाऊस पडतो, शाळा भरते, बापाचं कर्ज असतं, दहावीनंतर चिपळूणला जायचं की मुंबईला यावर घरात अबोला धरला जातो, हे कुठेच नाही.

तर विचारायचंय ते असं. ह्या वयासाठी इथल्या मुलांच्या गोष्टी कुणाला माहीत आहेत का? आणि मुलांना "आपल्याबद्दल लिहा" असं सांगावं का? शाळेतले एक सर म्हणाले, "त्यांना कल्पनेत तरी मुंबईला जाऊ द्या की." ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

---

आंजर्ल्याचा_नातू

बाई, तुमचे सर बरोबर बोलले. मी दादरला वाढलो, मे महिना आंजर्ल्याला. तुमच्या भाषेत मीच तो रोहन. :) माझ्या लहानपणी मी लंडनचे गुप्तहेर वाचले, आफ्रिकेतल्या शिकारकथा वाचल्या, आणि एकदाही वाटलं नाही की यात दादर का नाही. वाचायचं ते घरातून पळून जाण्यासाठीच ना? साहित्यात वाड्या आणि आळ्या मोजायला लागलो तर गोष्ट राहील बाजूला आणि हाती लागेल शाळेचा दाखला. मुलांना काय आवडतं ते लिहू द्या.

---

दाभोळखाडी

नातूसाहेब, तुम्हाला लंडन वाचता आलं कारण दादरही वाचायला होतं. पळून जायला आधी घर लागतं. असो, भांडत नाही, माझं सांगतो.

मी दाभोळच्या खाडीकाठचा कोकणी मुसलमान, सध्या नोकरीला कुवेतला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मराठीत वर्गात दुसरा. शाळेच्या पेटीतल्या गोष्टींत आमचा माणूस भेटायचा तो कायम एकच: रहीमचाचा. पांढरी दाढी, टांगा नाहीतर होडी, तोंडात "अरे बेटा, संभालके". ईदेला शीरखुर्म्याचा वाडगा घेऊन यायचा आणि शेवटच्या पानावर नायकासाठी जीव धोक्यात घालायचा. चांगलाच असायचा बिचारा. इतका चांगला, की त्याला स्वतःचं काही कामच नसायचं.

माझ्या आजोबांना हिंदी येत नव्हतं. रेडिओवर हिंदी लागलं की मला विचारायचे, काय म्हणतोय हा? घरी कोकणी, बाजारात कोकणी, तलाठ्यासमोर मराठी. बाणकोटपासून खाली राजापूरपर्यंत मोहल्ल्यामोहल्ल्यात तेच ऐकू येईल. पण पुस्तकात आम्ही तोंड उघडलं की लेखक आम्हाला परस्पर मुंबईच्या भेंडीबाजारात नेऊन सोडतो. वर्गात तो धडा आला की सर माझ्याकडे बघून म्हणायचे, तू वाच रे, तुला जमेल. मला ते हिंदी उच्चार मुद्दाम शिकावे लागले.

आणि मोहल्ल्यात गोष्टी नाहीत असं थोडंच आहे? आमच्याकडे निम्म्या घरांतला बाप फोनमध्ये राहतो. येतो तेव्हा दोरीने करकचून बांधलेले कार्टन येतात, वर जाड मार्करने नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका. कार्टन उघडताना साबण आणि दूधपावडर यांचा मिळून एक वास येतो, तो आला की घरातला मोठा मुलगा गप्प होतो, कारण आता दोन महिने तो घरातला मोठा नाही. वरचा मजला बांधून कुलूप लावलेला, खाली आजी एकटी. ह्यात रहस्यकथा बसत नाही? ह्यात प्रेमकथा बसत नाही? तुमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना विचारा बाई. त्यांना लिहायला सांगू नका, आधी नुसतं विचारा.

---

वाशिष्ठी

दाभोळखाडी, वर्गाने वळून बघणं मला चांगलं ठाऊक आहे. मी चिपळूणजवळच्या एका बौद्धवाडीतली. मराठीच्या पुस्तकात दलित आत्मकथनातला उतारा असायचा. तो नेमका अपमानाचाच: पाणी वरून ओतणं, वर्गाबाहेर बसवणं, शिळं अन्न. बाई वाचायला लागल्या की सगळा वर्ग हळूच माझ्याकडे. दया येणाऱ्या नजरा, बरं का, वाईट नाहीत. पण तास संपल्यावर मी लंगडी खेळायला गेले तर दोघी मला मुद्दाम बाद करीनात. त्याचा राग मला त्या उताऱ्यापेक्षा जास्त आला.

कॉलेजात असताना उर्मिला पवारांचं 'आयदान' हाती लागलं. 2003 चं पुस्तक. रत्नागिरीकडचं, आई बांबूची आयदानं विणतेय, मुली डोंगर उतरून बाजाराला चालल्यात. तिथे दुःख आहे तसा खट्याळपणाही आहे, चोरून खाल्लेलं आहे, बायकांची चावट थट्टा आहे. पण ते मोठ्यांचं पुस्तक, मला विसाव्या वर्षी मिळालं. तेराव्या वर्षी हवं होतं, आणि आत्मकथन म्हणून नाही, गोष्ट म्हणून. घडून गेलेलं नको होतं, पुढे काय होणार ते हवं होतं.

माझी चुलतबहीण पंधरा वर्षांची आहे. कबड्डीत चढाईला जाते, गणिताला घाबरते, आणि एका मुलाच्या बाइकवर तिचा जीव आहे (मुलावर नाही, बाइकवर, असं ती म्हणते). तिच्यावर कथा लिही म्हटलं तर लेखक तिला आधी विहिरीवर नेईल. अहो, तिला 14 एप्रिलच्या वर्गणीवर न्या! डीजे लावायचा की ढोल, यावरून दोन गट. वर्गणीची वही गायब. संशय मंडळाच्या खजिनदारावर, म्हणजे तिच्या सख्ख्या भावावर. मी तर आत्ताच वाचायला घेईन. किंवा महाडला न्या. चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 चा, आणि दरवर्षी त्या तारखेला आमच्या वाड्यांतून गाड्या भरून जातात. टेम्पोत मागे दाटीने बसून, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून, उन्हात पोचलेल्या पोराच्या डोळ्यांनी महाड मी तरी कुठल्या किशोरकथेत वाचलेलं नाही.

पण एक सांगते. उलट्या टोकालाही जाऊ नका. जात गाळून टाकायची, सगळ्यांना 'मित्रमैत्रिणी' करून एका झाडाखाली बसवायचं, हे त्याहून खोटं. वाडी गावाच्या कुठल्या टोकाला आहे आणि नळाला पाणी आधी कुठे येतं, हे पोरांना माहीत असतं. ते कथेत येऊ द्या. फक्त कथा तेवढीच नको.

---

कागदी_होडी

हा वाद अमेरिकेत बराच जुना आहे, म्हणून थोडं. नॅन्सी लॅरिक नावाच्या शिक्षिका-संपादिकेने 1965 मध्ये मोजणी करून लेख लिहिला. 1962 ते 1964 या तीन वर्षांत निघालेल्या मुलांच्या 5,206 पुस्तकांपैकी ज्यांत एखादं तरी कृष्णवर्णीय माणूस आहे अशी पुस्तकं 349 भरली, म्हणजे 6.7 टक्के. विस्कॉन्सिन विद्यापीठातलं बालपुस्तक केंद्र 1985 पासून दरवर्षी अशी गणती करतं. त्यांच्या 2018 च्या आकड्यांत निम्म्या पुस्तकांत मुख्य पात्र गोरं, 27 टक्क्यांत प्राणी किंवा तत्सम काही, कृष्णवर्णीय 10 टक्के, आशियाई 7, लॅटिनो 5 आणि मूळ अमेरिकन आदिवासी 1. म्हणजे अस्वलाचं पिल्लू व्हायचं नशीब काढलं तर नायक होण्याची संधी बरीच जास्त. बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी 1990 मध्ये आरसा, खिडकी आणि सरकतं काचेचं दार अशी मांडणी केली: पुस्तकात स्वतःलाही बघता यावं, दुसऱ्यालाही, आणि पलीकडे जाताही यावं. नातूसाहेबांचा मुद्दा त्या दाराचा आहे, खोटा नाही. पण आंजर्ल्याचं दार आतापर्यंत एकाच बाजूने उघडतंय, असं बाईंचं म्हणणं दिसतं.

त्यांच्याकडची एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलू नका. 2015 पासून तिथे 'ज्याचं जगणं त्यानेच लिहावं' अशी एक खूणच पुस्तकांना लागायला लागली. हेतू चांगला होता. पण पुढे ती विक्रीची चिठ्ठी झाली, आणि लेखकांवर आपलं खाजगी आयुष्य उघडं करून दाखवायची वेळ आली. ज्या संस्थेने ती खूण जोरात वापरली तिनेच 2021 मध्ये वापर थांबवला. तुमच्या 'स'ला कोळीवाड्यावर लिहायचं नसेल तर तिला तेही स्वातंत्र्य हवं.

करता येण्याजोगं म्हणजे मुलांनाच तुमची कपाटं मोजायला लावा. शिवाय बालभारतीच्या 'किशोर'चे 1971 पासूनचे अंक ऑनलाइन फुकट आहेत. सगळेच सुट्टीतले नाहीत, चाळून बघा.

---

मालवणी_मास्तर

मोजणीची मजा येतली. एक बोलीविषयी. आमच्याकडे संकट असा आसा, मालवणी ऐकली काय लोकांका पयला हसू येता, मगे अर्थ कळता. (आता प्रमाण मराठीत येतो, नाहीतर इथेही हसाल.) नाटकांनी मालवणीला मोठं केलं आणि त्याच वेळी तिला विनोदाच्या खुर्चीत बसवलं. त्यामुळे माझे विद्यार्थी कथेत निवेदन प्रमाणभाषेत लिहितात आणि बोली फक्त गड्याच्या, दारुड्याच्या, नाहीतर आज्जीच्या तोंडी. गंभीर माणूस आला की लगेच पुस्तकी.

मागे एका गाबीत (म्हणजे मच्छीमार समाजातल्या) मुलाने वादळाच्या रात्रीवर लिहिलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य होतं, "बापूस अजून इलो नाय." वर्गात मोठ्याने वाचलं. कुणी हसलं नाही. मी पुढच्या परिच्छेदातलं व्याकरण दुरुस्त करत बसलो नाही, एवढंच माझं योगदान.

---

ग्रंथपालबाई

सगळ्यांचे आभार. कागदी_होडींची मोजणी शनिवारी केली. मुलांनी फळ्यावर रकाने आखले: नायक कुठला, गोष्ट कोण सांगतो, चोर कोण पकडतो. मुंबई-पुण्याचा रकाना फळ्याच्या खाली उतरून भिंतीवर गेला. मग एकाने आपणहून नवा रकाना काढला, 'गाडीला धक्का कोण मारतो'. त्यात सगळी आपली माणसं. हसून हसून पुरेवाट झाली. एरवी तोंड न उघडणाऱ्या एकाने विचारलं, "बाई, कानाने कमी ऐकू येणारा कुणी आहे का?" होता एक. शेवटच्या पानावर त्याला ऐकू यायला लागतं. विचारणाऱ्याच्या कानात मशीन आहे. "म्हंजे नाहीच," म्हणाला, आणि खडू ठेवून दिला.

नातूसाहेब, मी कुणालाही "आपल्यावर लिहा" म्हटलं नाही. दोन रोहन तसेच राहिलेत, मजेत आहेत, छापले जातील (म्हणजे आमच्या हातांनी लिहिले जातील). 'स'ने मात्र कथा परत मागून घेतली.

नवी कथा अशी. रात्री माळ्यावरून मुलीला समुद्रात लांब पांढरा उजेड दिसतो. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल तो कशाचा: एलईडी लावून मासेमारी करणारी नाव. 2017 पासून त्याला केंद्राची बंदी आहे, तरी उजेड दिसतोच. दिव्याखाली मासळी गोळा होते, मोठे ती उपसतात, आणि साध्या जाळ्याची माणसं डिझेलचा खर्च अंगावर घेऊन रिकामी परततात. मुलगी आणि मोहल्ल्यातला तिचा वर्गमित्र (हिंदी बोलत नाही, दाभोळखाडी!) ती नाव कुणाची ते शोधायचं ठरवतात. कसं? आर्यनसारखं दुर्बिणीने नाही. सकाळच्या लिलावात कुणाच्या टोपल्यांत एकाच मापाचा बारीक माल भरपूर आलाय ते बघून. मी वाचताना उठून बसले. हे मला आयुष्यात सुचलं नसतं.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. कथेत ती नाव निघते मुलीच्या मामाची. आणि 'स'चा खरा मामा अशाच नावेवर खलाशी आहे. हस्तलिखित वाचनालयात टांगलेलं असतं, गावातलं कुणीही चाळतं. आईला कळलं तर काय, म्हणून पोर दोन दिवस आली नाही. दादरच्या रोहनवर लिहिलं की हा त्रास नसतो, हे माझ्या आधी ध्यानात आलं नव्हतं. मी म्हटलं, मामाचा काका कर. म्हणाली, "काका केला तर गोष्ट पडते बाई. मामाकडेच तिचा जीव आहे." मग म्हणाली, नावेचं नाव बदलते, बंदर वेंगुर्ल्याला नेते, मामा राहू दे. मास्तर, वेंगुर्ल्याच्या बंदरावर लिलाव कसा होतो, किती वाजता, टोपल्या की क्रेट, ते जरा सविस्तर लिहाल का? खोटं काही जायला नको, ती ऐकणार नाही.

वाशिष्ठी, वर्गणीच्या वहीची कल्पना मी बाकावर नुसती सांगितली. बौद्धवाडीतली दोघं आता भांडतायत की चोर खजिनदार असावा की सरपंचाचा पोरगा. निकाल लागला की कळवते.

आणि दाभोळखाडी, मोहल्ल्यातल्या एकाने कार्टनवर लिहायला घेतलंय. मी विचारलं फक्त, घरी पहिलं कार्टन कोण उघडतं? त्यावर तीन पानं आली. संवाद घरच्या बोलीत आहेत, मला तपासता येत नाहीत, मी आतल्या कुणब्यांची. तुम्हाला फोटो पाठवले तर नजर टाकाल का? अक्षर भयंकर आहे. अंक धनत्रयोदशीच्या आत शिवायचाय.

---

दाभोळखाडी

पाठवा बाई. शुक्रवारी आम्हाला सुट्टी असते, त्या दिवशी वाचतो. त्याला सांगा, बोली शुद्ध करायच्या भानगडीत पडू नकोस. आणि कार्टनवरचा पत्ता कथेत आहे का ते विचारा. नसेल तर घालायला सांगा, पोस्ट आणि तालुक्यासकट.

---

मालवणी_मास्तर

वेंगुर्ल्यात माझा साडू आसा. रविवारी पहाटे त्याच्यासोबत बंदरावर जातो आणि फोटोंसकट सगळं लिहितो. मामाचो काका करू नका, पोरीचा म्हणणा बरोबर आसा.